ड्यूटेरॉनची मागची भिंत

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस "आपण काय करत होता?" असं विचारतो, तेव्हा मी "कॉलेजात शिकवत होतो" एवढंच सांगून भाताकडे वळतो. त्याच्यापुढं जायचं धाडस मी फार वर्षांपूर्वी सोडलं. एकदा आमच्या गावाहून, निर्ण्याहून, आलेल्या एका पाहुण्यांना मी मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं, की मी ड्यूटेरॉनवर काम करतो. ते घटकाभर विचारात पडले आणि म्हणाले, "तुरीवरच्या अळीला चालतंय का ते?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला, आणि तो परत आणावा असं माझ्याजवळ काही नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी मात्र तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा, अशी अट घातली आहे. अट जाचक आहे. मला स्वतःला ते काम कळायला उभी नोकरी लागली. त्यातले काही महिने मी बिदर शहरात मोठा शास्त्रज्ञ म्हणून मिरवलो, तेही नीट न कळल्यामुळंच. बाकीची वर्षं तास घेण्यात आणि पेपर तपासण्यात गेली, ती कुणाचीही जातात. तेवढ्या महिन्यांचंच सांगतो.

आधी ड्यूटेरॉन. साध्या हायड्रोजनच्या अणूच्या पोटात एकटा प्रोटॉन असतो. काही हायड्रोजन मात्र संसारी असतात, त्यांच्या पोटात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉनही नांदतो. त्या जोडप्याला ड्यूटेरॉन म्हणतात. न्यूट्रॉन एकटा बाहेर काढला तर पंधरा-एक मिनिटांत मोडतो, या जोडीत मात्र तो जन्मभर टिकतो. तरी दोघांतली ओढ बेताचीच, जरा जोराचा धक्का बसला की जोडी फुटली. सगळ्या अणुगर्भांत हा सगळ्यात लहान संसार, म्हणून दोघं एकमेकांना कसे धरून राहतात ते बघायचं तर इथंच बघायचं. हा गडी चेंडूसारखा गोलही नसतो. एका पवित्र्यात तो हॉटेलातल्या मेदूवड्यासारखा असतो, मधे भोक असलेला, आणि दुसऱ्या पवित्र्यात दोन्ही टोकांना फुगलेल्या डंबेलसारखा.

हे दिसतं कसं? दिसत नाहीच. आम्ही पोरं दाट ज्वारीत गोफणीनं दगड सोडायचो. दगड सरळ निघून गेला तर आत काही नाही, टणकन आवाज येऊन उडाला तर आत धोंडा आहे. आमचा सगळा धंदा एवढाच. दगडाच्या जागी इलेक्ट्रॉन घ्यायचे, ते ड्यूटेरॉनवर मारायचे, कुठल्या कोनात किती उडाले ते मोजायचं आणि आतली ठेवण ताडायची. माझ्या वाट्याला सगळ्यात कंजूष कोन आला होता. समोर आपटून जवळजवळ सरळ मागं फिरणारे इलेक्ट्रॉन मला मोजायचे होते. जोडप्यातलं चुंबकपण तेच सांगतात. पण अब्जावधी मारावेत तेव्हा आठवड्याभरात बोटांवर मोजण्याएवढे मागं येतात.

माऱ्याचा जोर वाढवत नेला की मागं येणाऱ्यांची संख्या घटत जाते. ती सावकाश घटत जाते, की मधे एका जागी एकदम खड्ड्यात पडून पुन्हा वर येते, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता. आमच्या धंद्यातली बहुतेक शहाणी माणसं खड्डा आहे म्हणायची. राव सर नाही म्हणायचे.

राव सर माझे गुरू. मूळचे बिदर जिल्ह्यातल्या औरादकडचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा निजामाच्या राज्यातली उर्दू, आणि पुढं सगळी नोकरी हैदराबादला विद्यापीठात. माझ्याशी मात्र कायम बिदरकडच्या मराठीत बोलायचे. त्यांनी कागद-पेन्सिलीवर एक सिद्धांत मांडला होता आणि त्यातून एक रेष निघत होती. ती रेष त्या खड्ड्यात न उतरता वरून सरळ जायची. त्यांचे सहकारी तिला "औरादचा पूल" म्हणायचे. परिषदांत लोक त्यांचं बोलणं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि चहाला जायचे. वीस वर्षं हे चाललं. तिथपर्यंत जोर लावून कुणी मोजलेलंच नव्हतं, त्यामुळं सर चूक आहेत असंही कुणाला म्हणता येत नव्हतं. सर निवृत्त झाले, साखरेचं दुखणं आणि एक ट्रेसिंग पेपर एवढं घेऊन घरी बसले. त्या ट्रेसिंग पेपरवर त्यांची रेष होती आणि तिच्याखाली बरीच मोकळी जागा होती.

ती जागा भरायला मी गेलो. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत हा प्रयोग होणार होता आणि सरांच्या जुन्या ओळखीवर माझी दोन वर्षांसाठी वर्णी लागली. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात त्यांचा काही दोष नाही. तिथं ड्यूटेरियम गोठायच्या बेतापर्यंत थंड करून, द्रव करून, ॲल्युमिनियमच्या एका नळकांड्यात भरायचे आणि त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचे. आता इलेक्ट्रॉनला ड्यूटेरॉन कोण आणि ॲल्युमिनियम कोण हे कळत नाही. तो नळकांड्याच्या भिंतीवर आपटूनही मागं येतो. म्हणून भिंतीवरून किती आले ते वेगळं मोजून वजा करायचं असतं. डेअरीत दुधाच्या कॅनचं वजन आधी करतात, तसंच. तिथं चाळीसेक माणसं होती. कुणी झोत सांभाळायचं, कुणी चुंबकं. माझ्याकडे रिकाम्या कॅनचं वजन आलं. घरी पाठवलेल्या पत्रात मी "लक्ष्य विभागाचा विश्लेषक" असं लिहिलं होतं.

विश्लेषकाचा पहिला पराक्रम चटणीचा. दुपारच्या पाळीत मोजणीच्या खोलीत मी आमच्याकडची शेंगांची चटणी पोळीला लावून खात असे. एकदा पडद्यावरच्या आलेखात एक बारीक उंचवटा दिसायला लागला. चार माणसं जमली. एकानं पुस्तक काढलं, दुसऱ्यानं कुणाला तरी फोन लावला. अर्धा तास चर्चा झाल्यावर नळकांड्याची प्रमुख असलेली बाई आली, तिनं रुमालानं पडदा पुसला आणि उंचवटा गेला. तो माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. त्या दिवसापासून मोजणीच्या खोलीत खाण्याला बंदी आली. ती माझ्यामुळं आली याचा मला अजून थोडा अभिमान आहे. त्या प्रयोगशाळेवर माझा ठसा उमटला तो तेवढाच.

भिंतींचं काम मी मन लावून केलं. नळकांड्याला भिंती दोन. झोत पुढच्या भिंतीतून आत शिरतो आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडतो. आमचं नळकांडं लांब होतं. त्याची मागची भिंत शिशाच्या आडोशामागं होती आणि तिच्यावरून उडालेला इलेक्ट्रॉन आमच्या मोजयंत्रापर्यंत पोहोचूच शकत नव्हता. म्हणून मी पुढच्या भिंतीचाच हिशेब धरत होतो, आणि ते बरोबर होतं.

याला घरची सवयही कारणीभूत असेल. आमचं घराणं मेंढरांचं. आता शेती आहे, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तरुणपणी शंभराचा कळप राखला. संध्याकाळी मेंढरं वाघरीत कोंडायची. वाघर म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण. मोजायची जागा एकच, वाघरीचं तोंड. आत जाताना तिथं मोजायचं, सकाळी बाहेर येताना तिथंच मोजायचं. मागच्या बाजूला कुणी उभं राहत नाही, कारण तिकडून वाटच नसते. मी अणुविज्ञान शिकलो, विमानात बसलो, सूट शिवला, पण मोजायला उभा राहिलो तो वाघरीच्या तोंडाशीच.

दोन वर्षं संपल्यावर आकड्यांच्या टेपा घेऊन मी बिदरला परतलो. उरलेला हिशेब इथं कॉलेजात एका संगणकावर करायचा होता. वीज गेली की तो पहिल्यापासून सुरू करावा लागायचा आणि वीज रोज जायची, त्यामुळं हिशेब मला पाठ झाला. अखेर खड्ड्याच्या जागेचा ठिपका निघाला. खड्डा नव्हता. ठिपका वर होता, बरोबर सरांच्या रेषेवर.

मी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. सरांनी आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "पुन्हा मोज." मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. त्यांनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तेच. एकच चूक तीनदा केली की माणसाला तिची खात्री वाटायला लागते, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या फोननंतर सरांनी जेवताना दोनदा गोड मागून घेतलं, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. साखर असलेल्या माणसाला कुणी ते दिलं असेल तर त्या दिवशी माफ आहे असं मला वाटलं.

सगळ्या चमूचा लेख पाठवायला अजून अवकाश होता, पण मला कुठला धीर. कॉलेजात बोललो. कॉलेजातून गावात गेलं, गावातून एका स्थानिक पेपरात. "निर्ण्याच्या सुपुत्रानं अणूचा खड्डा बुजवला" अशी बातमी आली. आमच्याकडचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या बातमीचं कौतुक का वाटलं ते सांगायला नको.

मग गिऱ्हाइकं सुरू झाली. एक जण स्टॅबिलायझर दुरुस्तीला घेऊन आला. अफजलपूरकडचा एक ऊसवाला बस बदलत बदलत पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन घरी आला. ड्यूटेरॉनपासून जड पाणी होतं आणि त्याला सरकारात मोठा भाव आहे, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. "आमच्या बोरचं पाणी लई जड हाय सर," तो म्हणाला, "घागर उचलत न्हाई." मी त्याला समजावलं, की हजारो थेंबांत एखाद्या थेंबाएवढं जड पाणी सगळ्याच पाण्यात असतं, भीमेच्या, कारंजा नदीच्या, तुमच्या बोरच्याही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे हाय की." हाय, मी म्हणालो. तो समाधानानं गेला. त्यानं गावात जाऊन बिदरच्या सरांनी पाणी पास केलं असं सांगितल्याचं पुढं कानावर आलं.

शेवटी सत्कार ठरला. समिती झाली, तिचे अध्यक्ष शिवप्पा, कापड दुकानदार. त्यांनी मला "अणुपुत्र" म्हणायचं ठरवलं. मी नको म्हणालो, पण दुसऱ्यांदा म्हणालो नाही. राव सर पाहुणे म्हणून येणार होते. वीस वर्षं ज्यांच्या रेषेला लोक हसले, त्यांच्या हातून मी शाल घेणार होतो, आणि या एका गोष्टीसाठी तरी तो सत्कार व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. भेट म्हणून बिदरी कामाची तबकडी द्यायची, तिच्यावर प्रयोगाचं चित्र कोरायचं असं ठरलं. ते काम कादरभाईंकडे गेलं. त्यांच्या घरात काळ्या धातूत चांदीची तार बसवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी कादरभाईंनी मला बोलावून घेतलं. मी दिलेलं चित्र त्यांनी समोर मांडलं होतं. डावीकडून येणारा झोत, नळकांडं, पुढच्या भिंतीवर ठळक रेघ. उजवीकडं मी नळकांडं उघडंच सोडलं होतं.

"सर, किरन इदर से घुसा," त्यांनी छिन्नीच्या टोकानं दाखवलं. "निकला किदर से?"

उदर से, मी म्हणालो.

"तो उदर भी दीवार हैच ना? वो तुम बताए नै. खुल्ला बरतन कैसा कोरूं?"

मी त्यांना सविस्तर समजावलं. मागची भिंत आहे, पण ती शिशाच्या आडोशाला असते, दिसत नाही, म्हणून काढली नाही. ते म्हणाले, दिसत नसली तरी चालेल, पण आडोसा कुठवर आहे ते दाखवा, म्हणजे तेवढं झाकून बाकीचं कोरतो. मी पेन्सिल घेतली. आडोसा काढला. नळकांड्याचं माप आठवून मागची भिंत काढली. ती आडोशामागं न जाता अलीकडंच आली. मी माप पुन्हा आठवलं. ते माप शेवटच्या आठवड्याचं होतं. लांब नळकांड्यात ड्यूटेरियम उकळून बुडबुडे यायला लागले म्हणून शेवटच्या आठवड्यात ते काढून आखूड बसवलं होतं. खड्ड्याच्या जागेची सगळी मोजणी त्याच आठवड्यातली. आखूड नळकांड्याची मागची भिंत आडोशाच्या अलीकडं होती, उघडी, मोजयंत्राच्या डोळ्यांसमोर. तिच्यावरून आलेले सगळे इलेक्ट्रॉन मी ड्यूटेरॉनच्या नावावर लावले होते.

कादरभाईंनी पाणी दिलं. मी ते प्यालो की नाही आठवत नाही.

घरी येऊन प्रयोगशाळेतल्या नोंदवहीच्या झेरॉक्स बाहेर काढल्या. नळकांडं बदलल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. दिवे लागायच्या सुमारास दोन्ही भिंती वजा करून झाल्या. ठिपका रेषेवरून सुटला आणि खाली गेला. इतका खाली, की खड्डा आहे म्हणणाऱ्यांनासुद्धा एवढा खोल अपेक्षित नसावा. हिशेबात ढिलाई भरपूर होती, पण कितीही ढिलाई धरली तरी तो सरांच्या पुलापर्यंत वर येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सर आले. मैलूर भागातल्या आमच्या घरी उतरले. मी बसस्टँडवर सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांनी बॅग माझ्याकडे न देता स्वतः धरली, तेव्हा राहिलं. ऑटोत सांगणार होतो, तर ते ऑटोवाल्याशी औरादच्या पावसाबद्दल बोलत बसले. चहा झाला, उप्पीट झालं. मग त्यांनी बॅग उघडून ट्रेसिंग पेपर काढला आणि टेबलावर पसरला. रेषेखालच्या त्या मोकळ्या जागेत काही नव्हतं, पण रेषेवर एक ठिपका होता. माझा ठिपका, त्यांनी स्वतःच्या हातानं, फार नीट काढलेला.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. माझ्या बायकोला रात्रीच सगळं कळलं होतं. कार्यक्रम होऊन जाऊ दे, हैदराबादला गेल्यावर कळवू, असं मी तिला हळूच म्हणालो. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा एक दिवस कशाला बिघडवायचा, असंही म्हणालो, आणि म्हणताना मला ते फार उदात्त वाटलं.

"तुमचा दिवस बिघडायलाय, त्यांचा न्हाई," ती म्हणाली. "जावा, सांगा. न्हाईतर जेवण वाढताना मी सांगते."

मी बाहेर आलो.

"सर, मागची भिंत राहिली."

"कुटली?"

"नळकांड्याची. शेवटच्या आठवड्यात आखूड बसवलं होतं. त्याला आडोसा नव्हता. दोन्ही वजा केल्या की ठिपका खाली जातोय."

"किती खाली?"

"खड्ड्यात, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. झेरॉक्स मागितल्या. मग जेवणाची वेळ होईपर्यंत ते त्या टेबलाशी बसून होते. त्यांनी माझ्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवला नाही, सगळं पहिल्यापासून स्वतः केलं. मी समोर खुर्चीवर परीक्षेतल्या नापास पोरासारखा. एकदा त्यांनी मान वर करून भिंतीची जाडी विचारली, तेवढंच बोलणं. मला मनातून वाटत होतं, सरांना माझी काहीतरी चूक सापडावी. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतः चुकावं म्हणून देवाला हात जोडत होतो, आणि नेमका त्याच दिवशी मी बरोबर निघालो.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्या टायमाला बरोबर मोजलास."

त्यांनी खोडरबर घेतलं, रेषेवरचा ठिपका खोडला, चुरा फुंकून टाकला आणि खालच्या मोकळ्या जागेत नवा ठिपका काढला. पहिल्याएवढाच नीट. मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहिलं नाही असं दाखवलं, आणि कार्यक्रम किती वाजता हाय असं विचारलं. मी म्हणालो, कार्यक्रम रद्द करू. ते म्हणाले, लोकांनी खुर्च्या लावल्या असतील.

कार्यक्रम झाला. फेटा झाला, शाल झाली. तबकडी आली, तिच्यावर कादरभाईंनी दोन्ही भिंती चांदीत कोरल्या होत्या. बिदर शहरात त्या दिवशी प्रयोगाचं बरोबर चित्र तेवढंच होतं. मी बोलायला उभा राहिलो आणि सांगून टाकलं. खड्डा बुजला असं मी म्हणालो होतो ते खोटं आहे, खड्डा आहे, चांगला खोल आहे, चूक माझी आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवप्पांनी माईक घेऊन एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि एवढी नम्रता असं काहीतरी म्हटलं, तेव्हा आणखी टाळ्या झाल्या. मी पुन्हा माईक घेऊन, नम्रता नाही हो, खरंच चुकलोय, असं सांगितलं, तर लोक उभे राहिले. सर व्यासपीठावर हसत होते. इतके हसत होते, की त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

खाली उतरल्यावर अण्णा भेटले. निर्ण्याहून सगळं घर घेऊन आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. सर सोडले तर सभागृहात माझं बोलणं कळलेला माणूस तोच एक.

"खड्डा हाय म्हणायलास?" अण्णांनी विचारलं.

हाय, मी म्हणालो.

"मंग शाल कशाची घातले तुला?"

ती शाल आता माझ्या इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते.

पुढं लेख लिहायची वेळ आली. चमूनं आकृत्यांचं काम माझ्याकडं दिलं. लेखाच्या मुख्य आकृतीत आमचा ठिपका आणि आजवरच्या सगळ्या सिद्धांतांच्या रेषा काढायच्या होत्या. मी पहिल्यांदा सरांची रेष वगळली. मग फोनवर त्यांनी ती आहे ना असं विचारलं, म्हणून घातली. घातल्यावर ती बघवेना. आमच्या आलेखात वर चढताना प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट असतं, त्यामुळं खड्ड्यातला ठिपका आणि पुलावरची रेष यांतलं अंतर फार निर्दय दिसायचं. सरांच्या सूत्रात एक आकडा असा होता, जो थोडा इकडंतिकडं करायला वाव होता. कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं. मी तो जेवढा ओढता येईल तेवढा ओढला. रेष बरीच खाली आली. ठिपक्यापर्यंत नाही, पण वीस वर्षं अगदीच वाया गेली असं वाटणार नाही इतकी. मला फार बरं वाटलं. मी त्याला गुरुदक्षिणा असं नाव देऊन मसुदा सरांना टपालानं पाठवला.

आठवड्यानं कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. प्रिन्सिपॉलांसमोर उभं राहून घ्यावा लागला.

"रेष कामून खाली आली रे?" सरांनी विचारलं. त्यांनी पट्टी लावून मोजली होती.

मी म्हणालो, सर, त्या आकड्याला तेवढी मुभा आहे.

"मुभा हाय. मला म्हाईत न्हाई का? मी वीस वर्षं घेतली न्हाई, तू कामून घेतलास?"

तुमच्यासाठी, असं ओठांवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं. त्यांची रेष उंचावर एकटी दिसली की मलाच सोसायचं नाही, म्हणून मी ती खाली आणली होती.

"ठिपका तुझा हाय," ते म्हणाले. "चुकला तर तू हलव. रेष माझी हाय. होती तिथं ठेव."

मी आकडा परत पहिल्या जागी नेला. नंतर सर सहा वर्षं होते. त्या गोष्टीबद्दल पुन्हा बोलले नाहीत, आणि दर दिवाळीला मी फोन केला की भिंती किती रे, एवढंच विचारायचे. मी दोन म्हणायचो.

छापून आलेली आकृती माझ्याकडे आहे. आमचा ठिपका खड्ड्याच्या तळाशी आहे आणि सगळ्या रेषा कमीअधिक त्याच्याजवळून जातात. एक तेवढी जात नाही. ती खूप वरून, सरळ, कुणाचाही आधार न घेता जाते, आणि चुकीची आहे हे कुणालाही लांबून दिसतं. तिच्याशेजारी बारीक अक्षरात सरांचं नाव आहे. ते मी घातलं, आणि त्या लेखात हलवावीशी वाटूनही शेवटी होती तिथं ठेवली अशी गोष्ट तेवढी एकच, ती रेष.